हाडाला ‘पुरे’ कोण म्हणतं?

१. कॅल्शियम आहे, तरी हाड ठिसूळ का?

“कॅल्शियमची गोळी रोज घेते, दूध घेते, नाचणी खाते, तरी हाडाची घनता मोजणाऱ्या डेक्सा तपासणीच्या रिपोर्टमध्ये हाडं ठिसूळ कशी आली?” साठीच्या आसपासच्या बायका अस्थिरोगतज्ज्ञांना हा प्रश्न हमखास विचारतात, आणि तो अगदी रास्त आहे. हाड म्हणजे कॅल्शियम, हे शाळेपासून मनात बसलेलं असतं. मग कॅल्शियम पोटात जात असूनही हाड विरळ का होतं?

उत्तराचा पहिला धागा १९६५ सालच्या एका प्रयोगात मिळतो. अमेरिकेत लॉस एंजेलिसमधले अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी हाडाचे तुकडे आम्लात ठेवून त्यातले कॅल्शियमचे क्षार काढून टाकले. मागे उरला तो मऊ, वाकवता येईल असा प्रथिनांचा सांगाडा. हे तुकडे त्यांनी सशांच्या आणि इतर प्राण्यांच्या स्नायूंमध्ये बसवले. काही आठवड्यांनी तिथे नवं हाड तयार झालेलं दिसलं. स्नायूत एरवी हाड होत नाही. म्हणजे ज्या तुकड्यात कॅल्शियम उरलंच नव्हतं, त्याने आसपासच्या पेशींना हाड बांधायला लावलं होतं. कॅल्शियम हा लागणारा माल. काम कधी सुरू करायचं आणि कधी थांबवायचं, हा निरोप मात्र प्रथिनं देतात.

असा निरोप सतत द्यावा लागतो, कारण हाड एकदा घडून संपत नाही. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी नव्याने घडतो. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं हाड विरघळवून खड्डा करतात. हे काम काही आठवड्यांत उरकतं. मग ऑस्टिओब्लास्ट पेशी त्या खड्ड्यात नवं हाड भरतात, त्याला काही महिने लागतात. समजा, एका जागी दर फेरीला १०० भाग हाड खोदलं गेलं आणि ९७ भागच भरलं गेलं. एका फेरीत ३ भागांची तूट कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण दहा फेऱ्यांनी ती ३० भागांवर जाते. माल कमी पडला म्हणूनच ही तूट येते असं नाही. बांधणाऱ्या पेशींना निरोप कमी मिळाला, तरी ती येते.

२. प्रथिन प्रथिनाला धरतं, म्हणजे काय?

पेशीला डोळे-कान नसतात. तिच्या बाहेरच्या आवरणातून आरपार गेलेली काही प्रथिनं असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. रिसेप्टरचा एक भाग पेशीबाहेर आणि एक भाग आत. बाहेर फिरणारं एखादं प्रथिन बाहेरच्या भागाला बरोबर बसलं, की आतल्या भागाची ठेवण बदलते आणि आतली प्रथिनं कामाला लागतात. पेशींमधला संदेश म्हणतात तो हाच. यात वीज नाही, ध्वनी नाही. एका रेणूच्या पृष्ठभागावरचे उंचवटे आणि धनऋण भार दुसऱ्याच्या पृष्ठभागाशी जुळले, की ते एकमेकांना धरतात. जुळले नाहीत तर बाजूने निघून जातात.

युरिस्टनी ज्यांचा माग काढला त्या प्रथिनांना पुढे बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, थोडक्यात बीएमपी, असं नाव मिळालं. त्यांची जनुकं १९८८ मध्ये वेगळी काढण्यात आली. बीएमपी रिसेप्टरला बसलं की कच्च्या, अजून काहीच न ठरलेल्या पेशी हाडाच्या वाटेला लागतात.

पण शरीरात बीएमपीला मोकळं सोडलेलं नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत रिचर्ड हारलँड यांच्या प्रयोगशाळेत बेडकाच्या गर्भावर काम चालू असताना नॉगिन नावाचं प्रथिन सापडलं. नॉगिन रिसेप्टरच्या वाटेला जात नाही. ते थेट बीएमपीलाच धरतं, आणि अशा रीतीने धरतं की बीएमपीचे रिसेप्टरला लागणारे भाग झाकले जातात. बीएमपी तिथेच असतं, पण निरोप पोचत नाही. नॉगिनच्या जनुकात बिघाड असलेल्या काही कुटुंबांत बोटांचे सांधे जन्मतःच जुळलेले असतात. सांधा म्हणजे दोन हाडांमधली जिथे हाड होऊ द्यायचं नाही अशी जागा. तिथे अडवणारं प्रथिन कमी पडलं, तर सांधाच उरत नाही.

हाडांच्या अभ्यासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. हाड बांधायला लावणाऱ्या प्रथिनांइतकीच, कित्येकदा त्यांच्याहून जास्त, महत्त्वाची असतात ती त्यांना धरून ठेवणारी प्रथिनं.

३. हौद, तोटी आणि बूच

आता या प्रकरणातल्या मुख्य संदेशाकडे येऊ. त्याचं नाव विंट. विंट हे एक प्रथिन नव्हे, ते प्रथिनांचं कुटुंब आहे, आणि गर्भापासून म्हातारपणापर्यंत शरीरात ते अनेक ठिकाणी वापरलं जातं. हाड बांधणाऱ्या पेशीसाठी त्याचा अर्थ साधा आहे: बांधायला लागा.

पेशीच्या आत हा निरोप केंद्रकापर्यंत नेण्याचं काम बीटा-कॅटेनिन हे प्रथिन करतं. गंमत अशी, की बीटा-कॅटेनिन पेशीत सतत तयार होत असतं आणि सतत नष्टही होत असतं. एखाद्या हौदाची तोटी चालू आहे आणि तळाचं बूच काढलेलं आहे, तसं हे आहे. पाणी येतंय, पण पातळी काही चढत नाही. पातळी चढवायची असेल तर तोटी मोठी करायची गरज नाही. बूच लावलं की झालं. मिनिटाला दहा लिटर येत असेल आणि दहा लिटर जात असेल तर हौद कोरडाच दिसेल. बूच लावताच दहा मिनिटांत शंभर लिटर साठेल.

पेशीतलं हे तळाचं भोक म्हणजे काही प्रथिनांचा एक गट आहे. अॅक्सिन आणि एपीसी ही दोन प्रथिनं बीटा-कॅटेनिनला धरून ठेवतात. सीके-१ आणि जीएसके-३ ही एन्झाइम त्याच्यावर फॉस्फेटचे गट चिकटवतात. असं फॉस्फेट लागलेलं बीटा-कॅटेनिन पेशीच्या लेखी टाकाऊ ठरतं आणि त्याचे तुकडे होतात.

विंट आलं की बूच लागतं. ते असं. पेशीच्या आवरणावर शेजारी शेजारी दोन रिसेप्टर असतात: एकाचं नाव फ्रिझल्ड, दुसऱ्याचं एलआरपी-५ (किंवा त्याचंच भावंड एलआरपी-६). विंट या दोघांना एकाच वेळी धरतं आणि जवळ आणतं. मग एलआरपीच्या आतल्या शेपटावर फॉस्फेट लागतात, आणि त्या शेपटाला अॅक्सिन जाऊन चिकटतं. अॅक्सिन तिकडे अडकलं की नष्ट करणारा गट निकामी होतो. बीटा-कॅटेनिन साठू लागतं, केंद्रकात शिरतं, तिथे टीसीएफ या प्रथिनांना जाऊन मिळतं आणि हाड बांधायला लागणारी जनुकं चालू होतात.

एवढ्या साखळीतला एक दुवा लक्षात ठेवला तरी पुरे: एलआरपी-५. पुढची सगळी हकिकत त्याच्याभोवती आहे.

४. १६१५ पैकी एक

एलआरपी-५ हाडासाठी इतकं मोलाचं आहे, हे प्रयोगशाळेच्या आधी माणसांच्या कुटुंबांनी दाखवून दिलं.

काही मुलांची हाडं लहानपणापासून कमालीची ठिसूळ असतात, आणि त्याबरोबर त्यांची दृष्टीही गेलेली असते. या दुर्मीळ आजारात एलआरपी-५ चं जनुक निकामी झालेलं असतं, असं २००१ मध्ये सिद्ध झालं. निरोप घेणारा रिसेप्टरच नाही, म्हणून हाड बांधलं जात नाही.

त्याच सुमारास अमेरिकेतली दोन कुटुंबं संशोधकांच्या हाती लागली, एक नेब्रास्कातलं आणि एक कनेक्टिकटमधलं. त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. दोन्हीकडच्या माणसांची हाडं उलट विलक्षण भक्कम होती. कनेक्टिकटच्या कुटुंबात जबडा रुंद आणि खोल होता, टाळूवर हाडाचा उंचवटा होता. बाकी तब्येत ठणठणीत. अशा भरीव हाडांच्या माणसांना पाण्यात तरंगणं अवघड जातं, असंही अशा कुटुंबांच्या तपासण्यांत नोंदलं गेलं आहे.

२००२ मध्ये दोन्ही कुटुंबांचा उलगडा झाला. एलआरपी-५ हे १६१५ अमिनो आम्लांची माळ असलेलं मोठं प्रथिन आहे. या माणसांमध्ये त्यातलं फक्त १७१ वं अमिनो आम्ल बदललेलं होतं. ग्लायसिनच्या जागी व्हॅलिन आलं होतं. दोन्ही कुटुंबांत नेमका हाच बदल. आधी वाटलं, की या बदलामुळे रिसेप्टर विंटला जास्त घट्ट धरत असेल. तसं नव्हतं. या बदललेल्या जागी दुसरीच कुठली तरी प्रथिनं येऊन बसायची, त्यांना आता नीट बसता येत नव्हतं. म्हणजे साध्या माणसाच्या एलआरपी-५ वर कुणीतरी येऊन बसतं आणि बूच लावू देत नाही. हे कोण, याचा पत्ता दुसऱ्याच खंडातून आला.

५. ज्यांची हाडं वाढायची थांबत नाहीत

नेदरलँड्समधलं उर्क हे मासेमारांचं गाव. १९३९ पर्यंत ते बेट होतं. नंतर बांध घालून ते मुख्य भूमीला जोडलं गेलं. पिढ्यान् पिढ्या थोड्याच घराण्यांत लग्नं होत राहिली. तिथल्या काही जणांची कवटी आणि जबडा वयाबरोबर जाड होत जातात, असं डॉक्टर फ्रान्सिस व्हॅन बुकेम यांनी १९५५ मध्ये नोंदवलं. तसाच, पण अधिक उग्र आजार दक्षिण आफ्रिकेत आढळला. तिथे डच वसाहतकऱ्यांच्या वंशजांना आफ्रिकानेर म्हणतात. त्यांच्यातल्या या आजाराला स्क्लेरोस्टिओसिस हे नाव आहे.

या माणसांची हाडं सहसा मोडत नाहीत. मोठ्या अपघातातही नाही. ठिसूळ हाडांनी हैराण झालेल्या माणसाला हे वरदान वाटेल. प्रत्यक्षात त्यांचं जगणं फार कष्टाचं असतं. कवटीच्या ज्या छोट्या छिद्रांतून नसा बाहेर पडतात, ती छिद्रं हाडाने बुजत जातात. चेहऱ्याची नस दाबली जाऊन लहान वयातच चेहरा लुळा पडतो. कानाची नस दाबली जाते, बहिरेपण येतं. कवटी आतल्या बाजूनेही जाड होते आणि मेंदूला जागा उरत नाही. डोकेदुखी सुरू होते, आणि दाब वेळीच कमी केला नाही तर अचानक मृत्यूही येतो. अनेकांची कवटी शस्त्रक्रियेने उघडून मेंदूला जागा करून द्यावी लागली आहे. दक्षिण आफ्रिकेत पीटर बेटन आणि हर्मन हॅमर्स्मा या डॉक्टरांनी या कुटुंबांची वर्षानुवर्षं देखभाल केली आणि बारकाईने नोंदी ठेवल्या. पुढे जे औषध निघालं त्याच्या मुळाशी या नोंदी आहेत, आणि त्याहूनही आधी या कुटुंबांनी सोसलेलं दुःख आहे. औषधाच्या जाहिरातीत ते कुठे दिसत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगायला हवं.

२००१ मध्ये अमेरिकेतल्या आणि बेल्जियममधल्या दोन गटांनी दोषी जनुक शोधलं. त्याचं नाव एसओएसटी. ते जे प्रथिन बनवतं ते स्क्लेरोस्टिन. आफ्रिकानेर रुग्णांमध्ये हे प्रथिन तयारच होत नाही. उर्कच्या रुग्णांमध्ये जनुक शाबूत असतं, पण त्याच्या पुढच्या बाजूचा सुमारे ५२ हजार अक्षरांचा डीएनएचा पट्टा गळलेला असतो. जनुक हाडात चालू करण्याची सोय त्या पट्ट्यात होती, म्हणून तिथे स्क्लेरोस्टिन फार थोडं बनतं आणि आजारही काहीसा सौम्य राहतो.

आणखी एक निरीक्षण फार मोलाचं ठरलं. ज्यांच्याकडे जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि एक चांगली असते, असे या कुटुंबांतले आई-बाप आणि भावंडं निरोगी असतात. त्यांची हाडं सरासरीपेक्षा भक्कम असतात, पण ना चेहरा लुळा, ना बहिरेपण. म्हणजे स्क्लेरोस्टिन मुळीच नसणं घातक. थोडं कमी असणं मात्र सोसतं.

६. हाडात पुरलेल्या पेशींचं काम

स्क्लेरोस्टिन कोण बनवतं? हाड बांधता बांधता काही ऑस्टिओब्लास्ट पेशी स्वतःच त्या हाडात गाडल्या जातात. त्यांना मग ऑस्टिओसाइट म्हणतात. हाडातल्या पेशींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त याच असतात. हाडातल्या बारीक नळ्यांमधून लांब तंतू काढून त्या एकमेकींशी आणि पृष्ठभागावरच्या पेशींशी जोडलेल्या राहतात. स्क्लेरोस्टिन प्रामुख्याने त्यांच्याकडूनच येतं.

हे प्रथिन नेमकं धरतं कुठे? सुरुवातीला समज होता, की ते नॉगिनसारखं बीएमपीलाच धरत असावं. २००५ मध्ये दिसलं, की त्याची खरी पकड एलआरपी-५ आणि एलआरपी-६ वर आहे. स्क्लेरोस्टिनच्या रेणूतून तीन वेटोळी बाहेर आलेली असतात. मधल्या वेटोळ्याच्या टोकाला तीन अमिनो आम्लं ओळीने असतात: अॅस्पॅराजिन, अॅलानिन, आयसोल्युसिन. एलआरपीच्या बाहेरच्या भागात सहा पात्यांच्या गोल रचना असतात, त्यांतल्या पहिल्या रचनेच्या मध्यावर खळगा असतो. ही तीन अमिनो आम्लं त्यात जाऊन बसतात. डिककॉफ-१ नावाच्या दुसऱ्या अडवणाऱ्या प्रथिनातही नेमकी हीच तीन अमिनो आम्लं याच कामाला येतात. नेब्रास्का आणि कनेक्टिकटच्या कुटुंबांतला तो १७१ वा बदल याच पहिल्या रचनेत आहे. तिथली ठेवण थोडी बिघडली, आणि दोन्ही अडवणाऱ्यांची पकड सुटली. तीन खंडांतली कुटुंबं, तीन वेगळे बिघाड, आणि सगळ्यांचा रोख एकाच खळग्याकडे. जीवशास्त्रात इतका स्वच्छ मेळ क्वचित बसतो.

ऑस्टिओसाइट हे प्रथिन कधी जास्त सोडतात, कधी कमी? हाडावर पडणारा भार त्यांना जाणवतो. उंदीरवर्गीय प्राण्यांच्या पुढच्या पायाच्या हाडावर ठरावीक दाब देऊन २००८ मध्ये जे प्रयोग प्रसिद्ध झाले, त्यांत दिसलं की ज्या भागावर ताण सर्वांत जास्त पडतो, तिथे स्क्लेरोस्टिन घटतं, आणि नवं हाडही तिथेच जास्त तयार होतं. टेनिसपटूचा खेळणारा हात दुसऱ्या हातापेक्षा जाड हाडाचा असतो, तो याच वाटेने. उलट अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला एक ते दीड टक्क्याने घटू शकते, कारण तिथे शरीराचा भारच हाडावर पडत नाही. चालणं, जिना चढणं, वजन उचलणं यांचा हाडाला उपयोग होतो असं डॉक्टर सांगतात, त्यामागे हे रसायन आहे.

७. झिजवणाऱ्यांना कोण आवरतं?

बांधणाऱ्यांचं झालं. झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्टांचाही असाच हिशेब आहे, आणि तो समजायला सोपा आहे.

आरएएनकेएल, म्हणजे रँकएल, हे प्रथिन रँक नावाच्या रिसेप्टरला बसलं की ऑस्टिओक्लास्ट तयार होतात. रँकएल बनवतात त्या पेशींत ऑस्टिओब्लास्ट आणि ऑस्टिओसाइटच असतात. खोदणाऱ्यांना बोलावणंही बांधणाऱ्यांकडूनच जातं. त्याच पेशी ऑस्टिओप्रोटेजेरिन, म्हणजे ओपीजी, हेही प्रथिन सोडतात. ते रँकएलला वाटेतच धरतं. ओपीजीचा शोध १९९७ मध्ये दोन ठिकाणी स्वतंत्रपणे लागला: अमेरिकेत अॅमजेन कंपनीत आणि जपानमध्ये स्नो ब्रँड कंपनीत. स्नो ब्रँड ही दुधाची कंपनी. दूध विकणाऱ्या कंपनीच्या संशोधकांना हाड राखणारं प्रथिन सापडलं, ते मात्र दुधातलं नव्हतं.

समजा, एका जागी रँकएलचे १०० रेणू आहेत आणि ओपीजीचे ८०, आणि एकाने एकाला धरलं. मोकळे उरले २०. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन घटतं, रँकएल वाढतं, ओपीजी तुलनेने कमी पडतं. आकडे १३० आणि ७० झाले असं धरू. आता मोकळे उरले ६०. प्रथिनांचं प्रमाण थोडंसंच हललं, पण खोदायला बोलावणं तिप्पट झालं. हे आकडे समजावण्यापुरते आहेत. पाळी गेल्यानंतरच्या काही वर्षांत हाडाची झीज एकदम का वाढते, ते मात्र यातून कळतं. कॅल्शियमच्या गोळीचा या वजाबाकीवर फारसा जोर चालत नाही.

दोन्ही हिशेब एकमेकांत गुंतलेलेही आहेत. विंटचा निरोप मिळालेल्या पेशी ओपीजी जास्त बनवतात. म्हणजे स्क्लेरोस्टिन बाजूला झालं तर बांधणं वाढतं आणि खोदणं घटतं, दोन्ही एकदम.

८. बारा महिन्यांचं औषध

स्क्लेरोस्टिनच्या त्या वेटोळ्यालाच कुणी धरून ठेवलं तर? आफ्रिकानेर कुटुंबांतल्या, जनुकाची एकच प्रत बिघडलेल्या निरोगी माणसांकडे पाहून संशोधकांना हा धीर आला. त्यातून रोमोसोझुमॅब हे प्रतिपिंड तयार झालं. ते स्क्लेरोस्टिनला धरतं, त्यामुळे स्क्लेरोस्टिन एलआरपीच्या खळग्यात बसू शकत नाही. हौदाच्या भाषेत सांगायचं तर बूच लावणाऱ्याचा धरलेला हात सुटतो.

पाळी गेलेल्या ७१८० स्त्रियांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा महिन्यांत मणक्याचं नवं फ्रॅक्चर औषध नसलेलं इंजेक्शन टोचलेल्या गटात १.८ टक्के स्त्रियांना झालं, औषधाच्या गटात ०.५ टक्के. हजार स्त्रियांमागे १८ च्या जागी ५. कण्याच्या हाडाची घनता वर्षभरात १३ टक्क्यांच्या आसपास वाढली.

पण स्क्लेरोस्टिन फक्त हाडात नसतं, रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही आढळतं. ४०९३ स्त्रियांवरच्या दुसऱ्या चाचणीत रोमोसोझुमॅबची तुलना अॅलेंड्रोनेट या जुन्या औषधाशी झाली. फ्रॅक्चरं रोमोसोझुमॅबच्या गटात कमी झाली, पण पहिल्या वर्षात हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या गंभीर तक्रारी २.५ टक्के स्त्रियांत नोंदल्या गेल्या, अॅलेंड्रोनेटच्या गटात १.९ टक्के. हजारांमागे सहा जणींचा फरक. म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये मंजुरी देताना ठळक चौकटीत इशारा छापायला लावला, आणि गेल्या वर्षभरात हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्यांना हे औषध सुरू करू नये असं सांगितलं. मणके दबलेल्या सत्तरीच्या बाईसाठी हजारातल्या तेरा आणि हजारातल्या सहा यांचं वजन करणं सोपं नाही. तिच्या हृदयाचा इतिहास नीट विचारल्याशिवाय ते करूच नये.

औषध महिन्यातून एकदा, आणि बारा महिनेच देतात. पुढे पुढे हाड बांधण्याचा वेग ओसरतो, कारण शरीर दुसरी अडवणारी प्रथिनं वाढवू लागतं; डिककॉफ-१ त्यांतलंच एक. वर्ष संपल्यावर काहीच दिलं नाही, तर मिळवलेलं हाड हळूहळू परत जातं. म्हणून त्यानंतर झीज थोपवणारं औषध सुरू करतात: अॅलेंड्रोनेटसारखं, किंवा रँकएलला धरणारं डेनोसुमॅब, जे अमेरिकेत २०१० मध्ये मंजूर झालं आणि सहा महिन्यांतून एकदा टोचतात. डेनोसुमॅबही मधेच बंद करून चालत नाही. त्याचा अंमल उतरताच अडवून धरलेलं रँकएल मोकळं होतं, झीज उसळी मारते आणि काही रुग्णांचे एकाहून जास्त मणके दबतात. त्यामुळे जाणता डॉक्टर पहिलं इंजेक्शन लिहून देण्याआधीच रुग्णाला आणि घरच्यांना बसवून पुढच्या चार-पाच वर्षांत कोणत्या औषधानंतर कोणतं घ्यायचं, याचं वेळापत्रक समजावून सांगतो.